जुन्नरच्या रस्त्यावर ताशी अठरा

सायकल पाहिली की लोक दोन प्रश्न विचारतात: कितीला पडली आणि किती वेळ लागतो. तिसरा प्रश्न चेष्टेतला, ‘ॲव्हरेज किती देते?’ घर नारायणगावात आणि नोकरी जुन्नरला, त्यामुळे ही तिन्ही उत्तरं मी एसटी स्टँडसमोरच्या टपरीपासून कचेरीच्या व्हरांड्यापर्यंत सगळीकडे देत आलो आहे. पहिलं उत्तर सायकलीगणिक बदलत गेलं. दुसरं जवळजवळ बदललंच नाही. वडिलांची काळी सायकल असो, गियरची असो, की पुण्याच्या भाच्यानं वापरायला दिलेली बारीक टायरची रेसिंग सायकल असो, घराच्या उंबऱ्यापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत पन्नास मिनिटं ते एक तास. किमतीत दहा पटींचा फरक आणि वेळेत दहा मिनिटांचा. हे असं का होतं, ते या रस्त्यानं मला शिकवलं.

नारायणगाव मीना नदीच्या काठी आहे आणि जुन्नर कुकडीच्या. मधलं अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. पुणे-नाशिक महामार्ग बायपासनं बाहेरून जायला लागल्यापासून गावातला जुना रस्ता जरा माणसात आला आहे. म्हणजे आता कंटेनरऐवजी टोमॅटोचे पिकअप अडवतात. उपबाजारात हंगाम सुरू झाला की वीस किलोच्या क्रेटच्या थप्प्या लादलेल्या गाड्यांची रांग लागते. 2023 च्या जुलैत क्रेटचा भाव दोन हजारांच्या वर गेला, तेव्हा या गाड्यांना सगळेच अदबीनं वाट देत होते. उन्हाळ्याच्या तोंडावर तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात; मग रस्त्यावर मोटरसायकलींची गर्दी. सायकल यातून वाट काढते. गावाबाहेर पडेपर्यंत मी मोटारवाल्यांच्या पुढे असतो, आणि हा माझ्या दिवसातला एकमेव विजय.

वारूळवाडी मागे पडली की रस्ता वायव्येला धरतो. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, द्राक्षांचे मांडव. समोर शिवनेरी. इथून गड इतका जवळ वाटतो की आता पोचलोच, पण तो बराच वेळ तसाच दिसत राहतो. नद्या सह्याद्रीतून पूर्वेला वाहतात, त्यामुळे जुन्नरकडे जाणं म्हणजे कळत-नकळत चढणं. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो, मांड्यांना दिसत नाही. परतीला तोच उतार उपयोगी पडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तो घरी जाताना पाठीशी असतो. त्या महिन्यांत काळी सायकलसुद्धा अशी पळते की भाच्याला फोन करून सांगावंसं वाटतं. जून-जुलैत मात्र तोच वारा सकाळपासूनच तोंडावर असतो, आणि सकाळचा हिशेब कोलमडतो.

या काळ्या सायकलीबद्दल नीट बोललं पाहिजे, कारण तिच्याबद्दल लोक एकतर गहिवरून बोलतात किंवा हसून. अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, कातडी सीट, मागे जाड कॅरियर, वजन वीस किलोच्या वर. पायडलशी 44 दाती चक्र, मागच्या चाकाला 18 दाती फ्रीव्हील. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे, माणसाचा पाय जो सहज मारतो तो, त्यात ताशी साडेएकोणीस किलोमीटर. हा एकच गियर कुणीतरी फार विचार करून ठरवलेला आहे. सपाट रस्त्यावर, पाठ ताठ ठेवून, न धापता चालवणाऱ्या माणसासाठी तो बरोबर आहे. पोस्टमन, दूधवाले, शाळामास्तर यांच्या पिढ्या या दात्यांवर कामाला गेल्या.

तिच्यावरून जोर मारायचा ठरवला तर काय होतं? फारसं काही होत नाही, हेच उत्तर. ताठ बसलेला माणूस हवेला छाती दाखवतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला भेदायला लागणारी शक्ती घनानं. वीसच्या वेगावरून पंचवीसवर जायचं तर पायांना जवळपास पावणेदोन पट काम पडतं. त्या बदल्यात पंधरा किलोमीटरवर नऊ मिनिटं वाचतात. ती नऊ मिनिटं मग ऑफिसच्या नळावर तोंड धुण्यात आणि पंख्याखाली सदरा वाळवण्यात जातात. कामावर जाणाऱ्या सायकलस्वाराचा खरा कमाल वेग छातीच्या भात्यावर ठरत नाही, सदऱ्याच्या पाठीवर ठरतो. डिसेंबरात मी बावीसनं जाऊ शकतो. मेमध्ये अठरा ओलांडले की साहेबांसमोर बसण्यालायक राहत नाही.

वजनाचीही गोष्ट अशीच. भाच्याची सायकल काळीपेक्षा दहाएक किलोनं हलकी, आणि दुकानात ती एका बोटावर उचलून दाखवतात तेव्हा कुणालाही भुरळ पडते. पण या रस्त्याच्या हलक्या चढावर दहा किलो कमी झाल्यानं मिनिट-सव्वा मिनिट वाचतं. डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, फायलींची पिशवी घेतली की त्यातलं निम्मं वजन परत येतं. शिवाय सायकल हलकी असली तरी तिच्यावर बसणाऱ्याचं पोट तिच्याबरोबर विकत मिळत नाही.

भाच्याच्या सायकलीवर बसलो तेव्हा मात्र फरक जाणवला, आणि तो वजनाचा नव्हता. हँडल खाली, पाठ वाकलेली, कोपर आत. समोरून येणारा वारा अंगावरून निघून जात होता. त्याच दमात काळी अठरा देत होती तिथं ही तेवीस-चोवीस देत होती. खानापूरच्या अलीकडे एका मोटरसायकलवाल्यानं बरोबरीनं येऊन मीटरकडे बोट दाखवलं आणि हाताचा अंगठा उंचावला. मोठ्या माणसालाही अशा गोष्टीनं बरं वाटतं. त्याच आठवड्यात बाभळीचा काटा घुसला.

जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत बाभूळ बांधावर असते, ओढ्यात असते आणि मेंढ्या-शेळ्यांमागून जाणारा माणूस फांद्या तोडून टाकतो तेव्हा रस्त्यावरही असते. काळ्या सायकलीच्या जाड टायरला काटा लागला तर बऱ्याचदा तो रबरातच मुरतो. बारीक टायरला तशी सवलत नाही. मी सायकल ढकलत जुन्नरच्या पेठेत नेली. तिथले चाचा जुन्या पद्धतीचे कारागीर आहेत. ओव्हरऑईल करताना हबातले छर्रे मोजून कागदावर ठेवतात आणि चाक आऊट असेल तर हाताला विचारून सांगतात. त्यांनी पंप लावायला घेतला आणि थांबले.

‘सर, हा व्हॉल्व्ह आपल्या पंपाला बसत नाही.’

‘चाचा, याला पितळी टोपी मिळते. ती लावली की बसतो.’

‘मिळत असेल पुण्याला. इथं कशी मिळणार?’ त्यांनी टायर दोन बोटांत दाबून पाहिला. ‘एवढा बारीक टायर, त्यात शंभर पौंड हवा. बाभळीला काय, म्हैस आली काय आणि रेसिंग आली काय, सारखंच. सर, सायकल कशी पाहिजे, जिचं सामान माझ्याकडं पाहिजे.’

मला वाटतं सायकलीच्या निवडीबद्दल एवढं शहाणपणाचं वाक्य दुसरं नसेल. अठ्ठावीस इंची दीड रुंदीचे टायर-ट्यूब आणि सव्वीस इंची जाड टायर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात खुंटीला टांगलेले दिसतात. भाच्याच्या चाकाची ट्यूब पुण्याहून येणाऱ्या माणसाकरवी मागवावी लागली. तोवर काळीवरून ये-जा. सरासरी काढायची तर सायकल भिंतीला टेकून उभी असते तो काळही धरायला नको का? तो धरला तर भाच्याच्या सायकलीचा वेग पायी चालणाऱ्याइतका भरेल.

आणि यात एक गंमत आहे. युरोपात शर्यतीतल्या सायकलींना वर्षानुवर्षं 23 मिलिमीटरचे टायर असत; बारीक आणि टणक म्हणजे वेगवान अशी पक्की समजूत होती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तेच शर्यतवाले 28 आणि त्याहून रुंद टायरवर गेले, हवाही कमी भरू लागले. कारण साधं आहे. टणक टायर खडबडीत रस्त्यावर गुळगुळीत फिरत नाही, उडतो. प्रत्येक उडीत सायकल आणि माणूस दोघांना वर उचलायला जी शक्ती जाते ती पुढे जाण्यातून वजा होते. रुंद, थोडा मऊ टायर खडी पोटात घेतो. ज्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी चर खणून परत माती लोटलेली असते, तिथं हे पटवून द्यायला प्रयोगशाळा लागत नाही. चौथ्या चराला मनगटं सांगतात.

मधल्या काळात मी एक गियरची सायकलही वापरली. पुढे शॉकअप, मागे सात, पुढे तीन, म्हणजे एकवीस गियर, सव्वीस इंची गाठीदार टायर. गावाकडे तरुण पोरं हीच घेतात, कारण ती मोटरसायकलची धाकटी बहीण दिसते. सपाट डांबरी रस्त्यावर हे गाठीदार टायर नुसता घूं घूं आवाज काढतात आणि स्वस्तातलं शॉकअप पायडलच्या प्रत्येक दाबाला खाली-वर होऊन तुमचीच ताकद खातं. ऑफिसच्या रस्त्यावर ती काळीपेक्षा सावकाश निघाली. पण तिला नाणेघाटाकडे घेऊन गेलो आणि मत बदललं.

जुन्नरहून पश्चिमेला आपटाळ्याच्या पुढे गेलं की प्रदेश बदलतो. द्राक्षं मागे राहतात, भातखाचरं सुरू होतात. माणिकडोह धरणाचं पाणी कधी दिसतं, कधी झाकतं. चावंड किल्ला उजवं-डावं करत सोबत राहतो, आणि रस्ता चढ-उताराचा होतो. तिथे काळी सायकल हरते. चढावर वेग ताशी आठवर आला की तिच्या एकुलत्या एका गियरमध्ये पाय मिनिटाला चोवीस-पंचवीस फेरेच मारू शकतो, आणि प्रत्येक फेरा गुडघ्यात कळ काढतो. मग माणूस उतरतो आणि चालू लागतो. एकवीस गियरच्या सायकलीत पुढचं सर्वांत लहान चक्र आणि मागचं सर्वांत मोठं जुळवलं की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दोनच मीटर पुढे जाते. ताशी सात. चालणाऱ्यापेक्षा थोडं जास्त. पण बसून, श्वास राखून, मध्येच ओळखीच्या माणसाशी बोलत. दुकानदार गियर वेगाच्या नावाखाली विकतात. माझा अनुभव असा की त्यांचा खरा उपयोग हळू जाता येण्यासाठी आहे.

घाटघरला पोहोचून नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की वेगाबद्दल वेगळेच विचार येतात. खाली कोकण, मध्ये फरसबंद चढण, वर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब कोरलेला आहे, किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं, आणि आकडे अंकांत लिहिलेले आहेत. भारतात अंक कोरलेले जे फार जुने लेख आहेत त्यांत याची गणना होते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरला येणारा माल याच वाटेनं लादलेल्या बैलांवर चढत असे, आणि तांड्याचा वेग ताशी तीन-चार किलोमीटरच्या पुढे जात नसे. त्या वेगावर जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरण्याइतका पैसा जमला. तेव्हा माझ्या ताशी सातला मी नावं ठेवत नाही.

सामानाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. काळीच्या रिमा चकचकीत, क्रोमच्या मुलाम्याच्या. कोरड्या असताना दांड्यांचे ब्रेक गपकन नव्हे तरी वेळेवर धरतात. ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर नुसते घसरतात. आधी पाणी पुसलं जातं, मग ब्रेक लागतो, आणि तोवर तुम्ही समोरच्या रिक्षाच्या मागे काय लिहिलंय ते वाचू शकता. ॲल्युमिनियमच्या रिमांवर हा प्रकार बराच कमी, डिस्क ब्रेकवर आणखी कमी. म्हणून जून ते सप्टेंबर काळीचा वेग मी पंधराच्या वर जाऊ देत नाही. थांबण्याची खात्री जितकी, तितकंच पळायचं. दहा किलो वजन कमी करायला जे पैसे पडतात त्यांच्या एका छोट्या भागात चांगला ब्रेक येतो, पण ब्रेक बोटावर उचलून दाखवता येत नाही, त्यामुळे त्याचं कौतुक होत नाही.

पावसात अंगावर काय घालावं हाही वेगाचाच प्रश्न आहे. घोडेगावहून डिंभे धरणाकडे जाताना मी एकदा डोक्यावरून घालायचा, खाली मोकळा असणारा रेनकोट वापरला. हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलेल्या त्या जलाशयाकडून, ज्याच्या पोटात मूळ आंबेगाव बुडालं, वारा समोरून आला आणि रेनकोटाचं शीड झालं. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. बाजूच्या खाचरात बायका इरली पाठीवर घेऊन आवणी करत होत्या. इरलं वाकून काम करणाऱ्यासाठी अचूक आहे, सायकलवाल्यासाठी नाही. आमच्यासाठी अंगाबरोबर बसणारं जाकीट आणि पँट. आणि मडगार्ड. मडगार्ड नसलेल्या सायकलीवरून पावसाळ्यात ऑफिसला आलेला माणूस पाठीवर उभा चिखलाचा पट्टा घेऊन हिंडतो आणि दिवसभर ते त्याला कुणी सांगत नाही. भाच्याच्या सायकलीला मडगार्ड बसवायला भोकंच नव्हती. ज्यानं ती बनवली त्याच्या डोळ्यांपुढे जुन्नरचा आषाढ नसावा.

वाऱ्याबद्दल सर्वांत चांगला धडा मात्र मला एका दुर्बिणीनं दिला. नारायणगावच्या पूर्वेला खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, इंग्रजी ‘वाय’च्या आकारात पंचवीसेक किलोमीटर परिसरात पसरलेल्या. रविवारी त्या बाजूला गेलो की द्राक्षबागांच्या वर मान काढून त्या उभ्या दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की तबकडी भरीव नाही. तारेची जाळी आहे, एक-दोन सेंटिमीटर भोकांची, आणि तिच्यातून पलीकडचं आकाश दिसतं. या दुर्बिणीला हव्या असलेल्या रेडिओ लहरी वीसेक सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांबीच्या, त्यांच्या दृष्टीनं ही जाळी भिंतच आहे. वाऱ्याच्या दृष्टीनं नाही, तो आरपार जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च आटोक्यात. वारा फारच वाढला तर तबकड्यांची तोंडं सरळ वर करून ठेवतात. परदेशी नमुना उचलला असता तर एवढ्या पैशांत एवढ्या तबकड्या झाल्या नसत्या. वजन कमी करायच्या आधी वाऱ्याचा विचार करा, हे सायकलच्या दुकानात मला कुणी सांगितलं नव्हतं. ते खोडदला उघड्यावर उभं होतं. घरी येऊन मी हँडल दोन बोटं खाली घेतलं, फडफडणारा सैल विंडचीटर बदलला आणि पुढच्या टोपलीतलं ओझं मागच्या कॅरियरवर नेलं, कारण मागचं ओझं अंगाच्या आडोशाला येतं. खर्च जवळपास शून्य, आणि मिळालं ते दहा किलो कमी करून मिळालं असतं त्याहून जास्त.

फार वाकायचं मात्र इथं नाही. त्याचं कारण बिबट्या.

बाहेरच्या माणसाला ही अतिशयोक्ती वाटते. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, आणि या चारही तालुक्यांत बिबट्या जंगलातून येत नाही, उसातच जन्मतो, उसातच वाढतो. माणिकडोहचं निवारा केंद्र पकडलेल्या बिबट्यांनी भरलेलं असतं. शिरूरच्या पिंपरखेडला 2025 च्या अखेरीस लोक शेतात जाताना मानेभोवती खिळ्यांचे पट्टे बांधू लागले. शेतात वाकून किंवा बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान दिसतो, म्हणून तिन्हीसांजेला उसाकडेला वाकू नये हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मग हँडलवर छाती टेकवून, आवाज न करता, अंधारातून उसाच्या कडेनं जाणारा सायकलवाला त्याला कसा दिसत असेल? मोटरसायकल निदान बोंबलत येते.

नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि ऑफिस सुटायचीही तीच वेळ. या दोन महिन्यांत माझ्या सायकलीवरचं सर्वांत मोलाचं सामान म्हणजे दिवा आणि घंटी. काळीला बाटलीचा डायनामो आहे, टायरला घासून चालणारा, सहा व्होल्टचा. त्याची गुरगुर मला आवडते आणि त्याचं ओढणं पायाला कळतं. पण त्याचा दोष असा की सायकल थांबली की उजेडही थांबतो. साखळी उतरली, माणूस खाली उतरून वाकला आणि नेमका तेव्हाच मिट्ट काळोख! म्हणून आता हँडलवर चार्जिंगचा एलईडी, मागे लुकलुकणारा लाल दिवा. मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून जातो. वन खात्याचे लोकही आवाज करत जा असंच सांगतात. लता मंगेशकरांच्या जुन्या गाण्यांनी उसातला बिबट्या लांब राहतो की नाही ते मला सांगता येणार नाही, पण वळणावरची माणसं बाजूला होतात हे नक्की.

खरं तर बिबट्यापेक्षा मला उसाच्या ट्रॉलीची भीती जास्त वाटते. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारी उसाची टोकं, आणि मागे दिवा असेलच असं नाही. ताशी पंधरा-अठरानं चालणाऱ्या ट्रॉलीच्या मागे लागलं की वारा एकदम थांबतो आणि सायकल फुकट ओढल्यागत जाते. शर्यतीत सायकलपटू एकमेकांच्या मागे याचसाठी चालतात. पोरं ट्रॉलीला हात धरून जातात. मी मागे राहतो, चांगला दोन गाड्यांइतका, कारण ट्रॉलीतून मोळी कधी सुटेल आणि ट्रॅक्टरवाला कधी ब्रेक मारेल याचा भरवसा नाही. वेग वाढवणाऱ्या सर्व युक्त्यांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट.

सकाळी खानापूरजवळ शाळेच्या मुली भेटतात. लेडीज सायकली, पुढे टोपली, टोपलीत दप्तर, दोन वेण्या, दोघी-तिघी शेजारी शेजारी, अखंड गप्पा. वेग ताशी दहा-बारा. घंटी वाजवली की एकीच्या मागे एक होतात, ‘जाऊ द्या काकांना’ म्हणतात आणि पाठीमागे हसू येतं. टायर बदलले, हँडल खाली घेतलं, वाऱ्याचा अभ्यास केला, त्या सगळ्याचा हिशेब तिथे काका या दोन अक्षरांत मिटतो. मी पुढे जातो. शहराच्या तोंडाशी गर्दीत अडकतो, कुणाशी तरी बोलायला थांबतो, आणि बऱ्याचदा त्या माझ्या आधी चौक ओलांडून गेलेल्या असतात. घरापासून फाटकापर्यंतची सरासरी त्यांची आणि माझी फारशी वेगळी नसणार.

एसटीशी तुलना लोक हमखास करतात. गाडी निघाली की अर्ध्या-पाऊण तासात जुन्नर, हे खरं. पण स्टँडवर उभं राहणं, गाडी भरून आली तर पुढच्या गाडीची वाट पाहणं आणि उतरल्यावर पायी जाणं धरलं तर लालपरी आणि सायकल बरोबरीत सुटतात. मोटरसायकल अर्थात पंचवीस मिनिटांत नेते. तिच्याशी माझी स्पर्धा नाही.

आता मी वापरतो ती सायकल कुठल्याच जाहिरातीत शोभणार नाही. सरळ हँडल, पण थोडं खाली, शॉकअप नाही, पुढे एक चक्र आणि मागे सात, त्यातलं सर्वांत मोठं जुन्नर शहरातल्या चढाला आणि अधूनमधून शिवनेरीच्या पायथ्याला पुरतं. टायर 38 मिलिमीटर, गुळगुळीत, आत काटेरोधक पट्टी. पूर्ण मडगार्ड, लोखंडी कॅरियर, दोन दिवे, पितळी घंटी. ट्यूबचा व्हॉल्व्ह चाचांच्या पंपाला बसतो. वजन काळीपेक्षा थोडंसंच कमी. वेग अठरा ते वीस, सदरा कोरडा.

जुन्नर-आंबेगावात सायकलनं फिरायला येणार असाल तर एवढं करा. पस्तीस मिलिमीटरपेक्षा बारीक टायर आणू नका, जादा ट्यूब आणि तिच्या व्हॉल्व्हची टोपी जवळ ठेवा, नाणेघाट किंवा भीमाशंकरकडे वळणार असाल तर मागे मोठं चक्र असू द्या. सकाळी लवकर पश्चिमेला निघा म्हणजे उन्हाळ्यात परतीला वारा तुमचा. आणि ऊस उभा असेल त्या महिन्यांत सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोहोचा.